आईची अर्धशिशी आणि आमचं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि शाळा सुटल्यावर उरलेला सगळा माणूस अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीचा होता. आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटखाली, फळीवर, शिलाई मशीनच्या पायाशी सुतळीनं बांधलेले पत्रकांचे गठ्ठे असायचे. वर्गातल्या पोरी गोष्टीच्या पुस्तकातल्या राजकन्येपाशी अडखळायच्या तेव्हा मी ‘शोषण’ आणि ‘अंधानुकरण’ हे शब्द धडाधड वाचायची. धाराशिवच्या छापखान्यातून एसटीनं गठ्ठा आला की ताज्या शाईचा रॉकेलसारखा उग्र वास रात्रभर घरात राहायचा. मला तो आमच्या घराचाच वास वाटायचा, दुसऱ्यांच्या घरी उदबत्तीचा असतो तसा. त्या वासानं आईला काय होतं, हे आमच्यापैकी कुणी तिला विचारलेलं नव्हतं.

आई अंगणवाडी सेविका. आमच्याच गल्लीच्या टोकाला तिची अंगणवाडी होती. सकाळी पोरांची वजनं, खिचडी, बडबडगीतं, गरोदर बायकांच्या नोंदी, आणि घरी येऊन भाकऱ्या. तिला डोकं धरायचं. म्हणजे साधं दुखायचं नाही, धरायचंच. त्या दिवशी सकाळपासून तिला जांभया यायच्या, बोलता बोलता एखादा शब्द सापडायचा नाही. मग ती खिडकीचा पडदा ओढायची. तासाभरात डाव्या डोळ्यामागं घण बसायला लागायचे आणि ती मधल्या खोलीत ओला टॉवेल कपाळावर घेऊन, उशाशी बादली ठेवून आडवी व्हायची. आमचं घर तेव्हा कानांनीच चालायचं. मी ताटल्यांखाली फडकं घालून भांडी घासायची, अण्णा फोन घेऊन अंगणात जायचे, कुकर लावायचाच नाही, फोडणी घालायची नाही, कारण लसणाचा वास तिला भिंतीतून यायचा. संध्याकाळी एकदोनदा उलटी व्हायची, मग झोप. दुसऱ्या दिवशी उठायची ती धुतल्यासारखा चेहरा घेऊन. मुकाट्यानं धपाट्यांचं पीठ मळायला बसायची, आणि तव्यावरच्या पहिल्या धपाट्याचा आवाज आला की आम्ही दोघं मोठ्यानं बोलायला लागायचो.

दहावीपासून माझंही डोकं दुखायला लागलं होतं, पण ते निराळं. कपाळाभोवती कुणी ओलं फडकं पिळून बांधावं आणि ते वाळत जावं तसं, दोन्ही बाजूंनी आवळणारं. मान दगडासारखी व्हायची. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. दुखत दुखत सगळी कामं करता यायची, म्हणून त्याला कुणी किंमत देत नव्हतं. मीसुद्धा दिली नाही. माझ्या मते ते विचार करणाऱ्या माणसाचं डोकं होतं.

गल्लीत औषधं सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सात दिवस सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलेबी खायची, अर्धशिशी उतरते, असं अंगणवाडीतल्या मदतनीस सुमनबाईंनी आईला सांगितलं. अण्णा हसले. सूर्याचा आणि जिलेबीचा संबंध काय, असं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजावून सांगितलं आणि मी मान डोलावली. आईनं काही वाद घातला नाही. तिनं सात दिवस पहाटे उठून जिलेबी खाल्ली. आठव्या दिवशी डोकं धरलं. अण्णा म्हणाले, बघ, मी सांगितलं होतं. त्यावर ती अंधाऱ्या खोलीतून म्हणाली, “तुम्ही नुसतं हसला. मी खाऊन बघितलं.” तेव्हा मला हे वाक्य हट्टीपणाचं वाटलं होतं. आज मला वाटतं, आमच्या घरातल्या सगळ्या पत्रकांपेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ ती सात दिवसांची जिलेबी होती.

पुढं सुमनबाईंच्याच आग्रहानं आम्ही धाराशिवला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दोघींचं नीट ऐकून घेतलं. आईची अर्धशिशी, माझं ताणाचं डोकं, दोन्ही वेगळी, असं सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि आई मेडिकलमधून मनानं आणून खायची त्या गोळ्या मोजक्याच घ्या, त्या फार झाल्या तर त्यांच्यामुळंही डोकं दुखतं, हेही सांगितलं. उठताना म्हणाले, कधी दुखतं आणि त्याच्या आधीच्या दिवशी काय झालं होतं ते लिहीत जा, प्रत्येकाची कारणं निराळी असतात. मी एसटीत बसल्यावर विसरून गेले. आई विसरली नाही. अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर भरायच्या आल्यापासून तिच्याकडं पोरांच्या वजनाची एक कोरी वही पडून होती. त्याच रात्री तिनं पट्टी घेऊन तिच्यात रकाने पाडले: तारीख, झोप, जेवणाची वेळ, ऊन, वास, पाळी, गोळी, आणि शेवटचा मोठा रकाना ‘आदल्या दिवशी’. उजव्या पानावर स्वतःचं, डाव्या पानावर माझं. माझ्या पानावर तिनं एक जादा रकाना पाडला होता. त्याचं नाव ‘रागावली का’. मी ती वही एकदा चाळली, तो रकाना बघितला आणि पुन्हा उघडली नाही.

श्रावणात माझ्या परीक्षेला अजून वेळ होता आणि मला पहिलं पत्रक लिहायचं होतं. आजवर अण्णांच्या पत्रकांचं शुद्धलेखन मी तपासायची. आता मजकूर माझा हवा होता. आई श्रावणातले सोमवार धरायची. अण्णांचं देवाशी भांडण होतं, पण घरात कुणावर सक्ती करायची नाही हेही त्यांचं तत्त्व होतं, त्यामुळं त्या दिवशी चुलीवर एकीकडं आमची भाकरी आणि दुसरीकडं तिची भगर आणि शेंगदाण्याची आमटी असायची. मी बघितलं: पहिल्या सोमवारी उपवास आणि डोकं धरलं. तिसऱ्या सोमवारी उपवास आणि डोकं धरलं. मला कारण सापडलं होतं. दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी काय झालं हे बघायची मला गरज वाटली नाही. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. ‘उपवासाचं डोकं’ असं त्याचं नाव. त्यात एक श्रद्धाळू गृहिणी होती, उपाशीपोटी देवीचं नाव घेत अंधारात कण्हणारी, आणि तिच्या उशाशी बसलेली एक मुलगी होती, जिच्या डोळ्यांत प्रश्न होते. अण्णांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी एक स्वल्पविराम टाकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. नवरात्रात बायका अनवाणी तुळजापूरला चालत निघतात, त्या रस्त्यावर ते वाटायचं ठरलं. पाचशे प्रती.

आमच्या गटाची बैठक एक रविवार सोडून एक रविवारी आमच्याकडं असायची. आठदहा माणसं यायची. येरमाळ्याहून भारतकाका, कळंबहून माने सर, बाकी आसपासच्या गावचे. सकाळी दहाला चहा, बाराला पुन्हा चहा, चर्चा रंगली की तीनपर्यंत जेवणाचं कुणाला भान नसायचं. आई आत पिठलं, ठेचा, भाकऱ्या करत राहायची, कारण गार भाकरी पाहुण्याला वाढायची तिला लाज वाटायची. पंगत उठली, भांडी आवरली की ती चारला स्वतःचं ताट घ्यायची. हे इतकं नेहमीचं होतं की ते आमच्या डोळ्यांसमोर असून कुणाला दिसत नव्हतं. बाईच्या कष्टावर आमच्या गटाची तीन पत्रकं निघाली होती.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी गठ्ठा आला. माणसं जेवायला बसली होती. मी भाकऱ्या वाढत होते आणि एका कानानं माझ्या पत्रकाचं कौतुक ऐकत होते. भारतकाका म्हणत होते की पोरगी बापाच्या पुढं जाणार. आई पिठल्याचं पातेलं घेऊन आली, कॉटवर उघडलेला गठ्ठा तिनं पहिल्यांदा बघितला, वरचा कागद उचलला आणि उभ्यानं वाचला. पूर्ण वाचला. मग आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती वही घेऊन आली आणि अण्णांच्या ताटाशेजारी ठेवली.

“यातली बाई कोण?” तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, नाव कुठं घातलंय?

“नाव न्हाई घातलं म्हणूनच विचारते. गृहिणी लिहिलंयस. मी सेविका आहे. आन् देवीचं नाव घेत मी कधी कण्हले ते सांग. मी कण्हतच न्हाई, तुझा अभ्यास मोडतो म्हणून.”

भारतकाकांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. “वैनी, लेकरानं लिहिलंय, एवढं काय मनावर घेता? चार बायांचं भलं व्हायचं असलं तर...”

“भलं खऱ्यानं होऊ द्या की, भाऊजी,” आई म्हणाली. मग ती अण्णांकडं वळली. तिचा आवाज वर गेला नव्हता. अंगणवाडीत ती पोराच्या आईला तक्ता दाखवते त्याच आवाजात म्हणाली, “श्रावणात चार सोमवार केले. दोनदा डोकं धरलं. कुठले दोन ते बघा. ज्याच्या आदल्या दिवशी हितं बैठक होती ते. बाकीच्या दोन सोमवारी उपवास असून काही झालं न्हाई. आता मागं जा, चैत्रापर्यंत. उपवास नसताना बैठकीच्या दुसऱ्या दिवशी काय लिहिलंय वाचा.”

अण्णांनी हात धुतले. ओले हात वहीला लागू नयेत म्हणून पंच्याला पुसले आणि वाचायला बसले. माने सरांना धीर धरवला नाही. ते म्हणाले, तपशिलात थोडी चूक असेल, पण पत्रकाची दिशा बरोबर आहे. उपाशी राहून डोकं दुखतंच की लोकांचं. आईनं ते मान्य केलं. तिचंही भुकेनंच दुखतं, ती म्हणाली. फक्त उपवासाच्या दिवशी तिची भगर अकराला तयार असते, कारण ती कुणासाठी थांबवायची नसते. वर्षात वेळेवर जेवायचे तिचे हमखास दिवस तेवढेच. भूक बैठकीच्या दिवशी असते. त्यात दुपारभर चुलीचा जाळ, आणि गठ्ठा आलेला असला तर रात्रभर शाईचा वास. “एकटी भूक मी सोसते,” ती म्हणाली, “एकटा वासपण सोसते. दोनतीन मिळून आली की न्हाई सोसत.”

मी तेव्हा काय केलं हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. मी पत्रकाच्या बाजूनं भांडले. म्हटलं, अण्णा, पाचशे प्रती छापून आल्यात. एका घराच्या वहीवरून चळवळ थांबवायची का? आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. वजन घटलेल्या पोराकडं ती जशी बघायची तसं काहीतरी होतं. “एका वजनावरून काही ठरत नसतं हे मी पोरांच्या आयांना रोज सांगते,” ती म्हणाली, “तू तर दोनच सोमवार बघितलेस.”

अण्णांनी वही मिटली. आयुष्यभर ते समोरच्याला पुरावा मागत आले होते. येरमाळ्याच्या बाजारात, शाळेच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात. आता तो त्यांच्या पिठल्याच्या ताटाशेजारी आला होता, आणि तो त्यांच्याच घराविरुद्ध होता. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते म्हणतील, छोटीशी चूक आहे, वाटून टाकू, असं मला मनापासून हवं होतं. ते म्हणाले, “पत्रक वाटायचं नाही.” माने सरांनी तोंड उघडलं तेव्हा पुन्हा म्हणाले, “सर, नाही. दुसऱ्याला पुरावा मागायचं तोंड राहणार नाही.” आणि मग, बैठकीतल्या माणसांसमोर, त्यांनी आईला विचारलं की काय करायचं. तिला त्या खोलीत कुणी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारत होतं.

“बैठक करा. दोन महिने मी साडेबाराला जेवणार, तुमच्या आधी. भाकऱ्या आधी करून ठेवीन, गार खाव्या लागतील. गठ्ठा शाळेत उतरवा. मग वहीत काय येतंय बघू.”

“एवढंच?” भारतकाका म्हणाले. “आन् आमी उगं क्रांती करत बसलो.”

या वेळी आईही हसली.

पुढच्या बैठकीला साडेबाराला आई ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. आत बसली असती तर कुणाला दिसलं नसतं. पण तिला लपून जेवायचं नव्हतं. आठ माणसं बोलायची थांबली. ती घास चावून खात राहिली. माने सरांनी पाण्यासाठी हाक मारली आणि मग स्वतःच उठून माठाकडं गेले, तिच्या ताटाला वळसा घालून. मला अजून ते दृश्य आठवतं. हातात फलक घेतलेल्या कितीतरी बायका मी नंतर पाहिल्या, त्यांच्याबरोबर चालले. पण ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन एवढी ताठ बसलेली बाई पुन्हा पाहिली नाही.

दोन महिन्यांत बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आईचं डोकं एकदाच धरलं, तेव्हा पाळीही आली होती आणि ती भर उन्हात पल्स पोलिओचे डोस पाजत फिरली होती. तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. अण्णांना आनंदानं ‘गेलं’ असं जाहीर करायचं होतं, तर ती म्हणाली, गेलं नाही, कमी झालं. अर्धशिशी तिला आजही होते. ती ओळखून असते, गोळी वेळेत घेते, आणि भुकेली राहत नाही. माझं पान मी अखेर वाचलं. खाली मान घालून रात्री जागून लिहिलं आणि कुणाशी तरी भांडले, की संध्याकाळी कपाळाचं फडकं आवळायचं. रांगेनं सगळीकडं तेच. ज्या दिवशी मी आईविरुद्ध पत्रक लिहिलं त्या दिवशीच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं: ‘खूप खूश. तरी दुखलं. चष्म्याचा नंबर बघावा.’ नंबर निघाला.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका आईकडं तसली आखलेली पानं मागायला लागल्या. ती पट्टीनं आखून आखून दमली तेव्हा अण्णा म्हणाले, छापून आणू. मी लगेच कागद ओढला. वर ठळक मथळा, खाली सहा ओळींचं आवाहन, मग रकान्यांची नावं: उपवास, जागरण, ऊन, काळजी. आईनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि मथळा खोडला. आवाहन खोडलं. मग रकान्यांची नावंही खोडली, फक्त ‘तारीख’ ठेवली.

मी म्हटलं, अगं, मग त्यांना कळणार कसं काय लिहायचं ते?

“त्यांचं डोकं त्यांना कळतं. तू आधीच नाव घातलंस की त्या तेवढंच बघतील. तू नव्हतं का बघितलंस तेवढंच?”

छापखानावाल्यानं दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. गुरुजी, मजकूर पाठवायचा राहिलाय. अण्णा म्हणाले, राहिला नाही, असंच छापा. आमच्या घरातून बाहेर पडलेलं ते पहिलं पत्रक, ज्यावर एकही वाक्य नव्हतं. न वाटलेल्या त्या जुन्या पाचशे प्रतींचे चार चार तुकडे करून अण्णांनी शाळेत गणिताच्या कच्च्या कामाला वापरले.

महिन्याभरानं पहिला भरलेला कागद घेऊन रझियाभाभी आल्या. पलीकडच्या गल्लीत त्या ब्लाउज शिवायच्या. रोज्यात त्यांचं डोकं फार दुखतं, एवढं मला ऐकून माहीत होतं, आणि कागद हातात यायच्या आधीच माझ्या डोक्यात त्यावर एक परिच्छेद तयार होता. त्यांनी रकान्यांना स्वतःची नावं दिली होती, वाकड्या अक्षरात. रोजाचा रकाना होता, पण त्यात खुणा थोड्या होत्या. सगळ्यात जास्त खुणा होत्या त्या रकान्याचं नाव होतं ‘काळं कापड’.

आईनं कागद दोनदा वाचला. मी वाट बघत होते की ती आता काहीतरी सांगेल. तिनं विचारलं, “भाभी, मशीनपाशी दिवा कुठल्या बाजूला हाय?”

भाभींनी हवेतच मशीनवर बसल्यासारखे हात धरले, मान वळवून बघितलं. “मागं,” त्या म्हणाल्या. “पाठीमागं की. माझीच सावली पडती कापडावर.”

“चला, बघू,” आई म्हणाली, आणि दोघी उठून निघाल्या. मी लिहायला घेतलेली वही कॉटवर ठेवली, चपला घातल्या आणि त्यांच्या मागून गेले.